अलाबु, तुंब आणि भोपळा : शब्दाचा इतिहास व वस्तूचा इतिहास

शब्दाचे कूळ सापडले की वस्तूचे मूळस्थानही सापडले, असे मानण्याचा मोह भाषाभ्यासकांस वारंवार होतो. कर्कटी कुलातील लाजेनारिया या वंशाचा इतिहास त्या मोहावर चांगला उतारा ठरतो. सेरँज याने १८२५ मध्ये हा वंश स्वतंत्र मानला. लॅटिनमधील कुपीवाचक शब्दावरून त्याचे नाव आले असून दुध्या भोपळा ही त्यातील मुख्य लागवडीची जाती होय.

अथर्ववेदात अलाबुपात्राचा उल्लेख आहे. सगरपत्नीने प्रसवलेल्या, साठ सहस्र पुत्रांचे बीज असलेल्या गर्भास महाभारत ‘अलाबु’ म्हणते, तर रामायण ‘तुंब’. पालीत ‘लाबु’, बंगालीत ‘लाउ’ आणि मलायी भाषेतही ‘लाबु’ आढळतो. अशा साम्यांवरून प्शिलुस्की प्रभृती अभ्यासकांनी ‘अलाबु’चे मूळ आस्ट्रो-आशियाई भाषांत शोधले. हे मत सर्वमान्य नाही. मलायी शब्द भारतातूनच गेला असणेही संभवते.

मराठीत ‘तुंबा’ व ‘तुंबडी’ यांनी दुसरी परंपरा राखली. ‘भोपळा’ या शब्दाची कथा निराळी आहे. सोळाव्या शतकापासून अमेरिकेतील कुकुर्बिटा वंशाची फळे जुन्या जगात पसरली व मराठीत तीही भोपळाच ठरली. भेद दाखविण्याचे काम ‘दुध्या’ आणि ‘लाल’ या विशेषणांकडे आले. वनस्पतिशास्त्र ज्यांना वेगळे काढते, त्यांना भाषेने एका नावाखाली आणले.

वनस्पतीचा पुरावा मात्र आफ्रिकेकडे निर्देश करतो. झिंबाब्वेतील रानटी दुध्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोत तर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. व्हिटेकर आणि कार्टर यांनी १९५४ मध्ये दाखविले की, समुद्राच्या पाण्यात २२४ दिवस तरंगलेल्या फळांतील बीही रुजते. २०१४ मधील जनुकीय संशोधनाने अमेरिकेतील दुध्याचे नाते आफ्रिकेतील वाणांशी जोडले. म्हणजे हे फळ अटलांटिक महासागरातून, कोणाच्याही साहाय्याविना वाहत गेले असावे.

अशा प्रवासात फळाबरोबर नाव जात नाही. ‘अलाबु’ची व्युत्पत्ती उद्या निर्विवाद ठरली, तरी तिच्यावरून कोणी कोणापासून शब्द घेतला एवढेच कळेल. वस्तूचा जन्म कोठे झाला, याची साक्ष बियांकडूनच घेतली पाहिजे.