तळटीप ३ : रेस्ट

३. रेस्ट – कंपाउंड धनुष्याच्या मुठीच्या वर बसवलेला, बाण टेकण्याचा लहानसा आधार. नाशिक जिल्ह्यातील भिल्लांच्या तिरकमठ्यात हे काम धनुष्य धरणारी मूठच करी. अमेरिकेतील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना ज्याचे पेटंट १९६९ साली मिळाले, त्या कंपाउंड, म्हणजे चाकांच्या, धनुष्याची प्रत्यंचा पूर्ण ओढली असता इतका तीव्र कोन करते की, ती बोटांनी धरल्यास बाणाची खाच चिमटली जाते व बाण रेस्टवरून घसरतो. यावर इलाज म्हणून प्रत्यंचेवरील दोरीच्या फाशात ‘रिलीज’चा, म्हणजे प्रत्यंचा सोडण्याच्या हातातील साधनाचा, आकडा अडकवतात, अथवा बाणास सभोवार ताठ केसांनी धरून ठेवणाऱ्या कड्याची तजवीज करतात. या कड्यात बाण हलत नाही खरा, परंतु सुटताना त्याची पिसे केसांस घासतात. म्हणून अनेक स्पर्धक बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट पसंत करतात.