नियमित क्रियापदाचे कोष्टक आणि वऱ्हाडीतील द्वितीय पुरुष

इंग्रजी क्रियापद 'चालविणे' हा अभ्यास एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात आला, तेव्हा त्याच्यासाठी नवे नाव शोधावे लागले नाही. पाठशाळांतून संस्कृत धातू चालविण्याची रीत रूढ होतीच. तीन पुरुष, तीन वचने आणि त्यांची नऊ रूपे विद्यार्थी मुखोद्गत करीत. इंग्रजीत द्विवचन नसल्याने कोष्टक सहा घरांचे झाले, एवढाच वरवरचा फरक. परंतु संस्कृत कोष्टकातील बहुतेक घरे खरोखर वेगळ्या रूपांनी भरलेली असतात. इंग्रजी कोष्टकातील बहुतेक घरांत एकच रूप पुनःपुन्हा लिहावे लागते. हा फरक कसा पडला आणि मराठीच्या शुद्धाशुद्ध विचाराशी त्याचा संबंध कोणता, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण 1795 मध्ये यॉर्क येथे प्रसिद्ध झाले आणि पुढे दीर्घकाळ इंग्रजी शिक्षणात प्रमाण मानले गेले. ज्याचा भूतकाळ व भूतकालवाचक धातुसाधित 'एड' किंवा नुसता 'ड' लावून होते ते नियमित क्रियापद, अशी त्यांची व्याख्या आहे. नमुन्यासाठी त्यांनी 'लव्ह' हे क्रियापद घेतले. प्रथम पुरुषी 'लव्ह', द्वितीय पुरुषी एकवचनी 'लव्हेस्ट', तृतीय पुरुषी 'लव्हेथ' अथवा 'लव्ह्‌ज' आणि भूतकाळी द्वितीय पुरुषी 'लव्हड्‌स्ट' अशी ती रूपे होत.

यांपैकी 'लव्हेस्ट' हे रूप 'दाउ' या एकवचनी सर्वनामाला बांधलेले होते. बहुवचनी 'यू' आदरार्थी एका व्यक्तीसही लावण्याची चाल पडली आणि अठराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून 'दाउ' जवळजवळ नाहीसा झाला. प्रार्थना, काव्य, काही प्रांतिक बोली आणि क्वेकर पंथीयांचे संभाषण यांत तो उरला. 'लव्हेथ' हे रूपही मागे पडले होते, कारण उत्तरेकडील बोलींतून आलेल्या 'स' या प्रत्ययाने त्याची जागा घेतली होती. 1611 च्या बायबलात मात्र ही जुनी रूपे कायम राहिली. तात्पर्य, मरे यांच्या कोष्टकात जिवंत रूपांशेजारी केवळ ग्रंथांच्या आधाराने टिकलेली रूपे बसली होती.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये निघाले. त्याची मांडणी पुष्कळशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. मराठीच्या प्रकृतीला ती मांडणी सर्वत्र मानवत नाही. 'त्याने ग्रंथ वाचला' आणि 'त्याने पोथी वाचली' यांत कर्ता एकच असून क्रियापद बदलते, कारण ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पुरुष आणि वचन यांच्या सहा घरांत हा व्यवहार मावत नाही. त्यासाठी प्रयोगविचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्या कोष्टकात एक घर मात्र ठळकपणे मराठीचे स्वतःचे राहिले. ते द्वितीय पुरुषी एकवचनाचे, म्हणजे 'आहेस', 'गेलास', 'वाचलीस' यांतील 'स'चे होय.

नेमके हेच घर वऱ्हाडीत रिकामे आढळते. वाशीम तालुक्यातील अनसिंग हे गाव वऱ्हाडी बोलीच्या मुलखात येते. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेले. वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडला गेला आणि 1998 मध्ये पुन्हा वेगळा झाला. राज्यकारभाराच्या सीमा अशा बदलत राहिल्या. पाठ्यपुस्तकांतील प्रमाण क्रियापद मात्र पुण्या-मुंबईच्या शिष्ट भाषेचेच राहिले. 'तू कुठे गेला होतास' याऐवजी वऱ्हाडीत 'तू कुठी गेला होता' असे म्हणतात. 'तू पोथी वाचली' येथेही 'स' नाही. द्वितीय व तृतीय पुरुषांचे रूप अशा ठिकाणी एक होते. भविष्यकाळी 'तो येईल' याऐवजी 'तो येईन' म्हटल्याने प्रथम व तृतीय पुरुषही एकरूप होतात. तथापि अर्थाचा घोटाळा होत नाही, कारण पुरुषाचा बोध 'मी', 'तू', 'तो' ही सर्वनामे करून देतात.

इंग्रजीच्या इतिहासात याला जवळचे साम्य सापडते. मरे स्वतः पेनसिल्व्हेनियात जन्मलेले क्वेकर होते. अमेरिकेतील क्वेकरांच्या बोलण्यात 'दाउ' जाऊन 'दी' हे रूप कर्त्याच्या ठिकाणी आले आणि त्याच्यापुढे तृतीय पुरुषी क्रियापद वापरले जाऊ लागले. 'दी नोज' ही रचना 'तू कुठी गेला' याच जातीची होय. दोन्हीकडे सर्वनाम टिकले आणि द्वितीय पुरुषाचा स्वतंत्र प्रत्यय गळाला. प्रमाण इंग्रजीत सर्वनाम व प्रत्यय दोन्ही गेले. मार्ग भिन्न असले तरी तिन्हीकडे द्वितीय पुरुषाचा स्वतंत्र प्रत्यय उरला नाही.

येथे मूल्यमापनाचा प्रश्न उपस्थित होतो. 'लव्हेस्ट' लोपल्यामुळे इंग्रजी अशुद्ध झाली असे कोणी म्हणत नाही; उलट नियमित क्रियापद सोपे झाले असे सांगितले जाते. 'गेलास' मधील 'स' गळाला की मात्र तो बोलणाऱ्याचा दोष ठरतो. व्यापार एकच असता एकास भाषेचा विकास आणि दुसऱ्यास अज्ञान म्हणणे शास्त्रास धरून नाही. प्रमाण मराठी लेखनात 'स' अवश्य शिकवावा, कारण लेखनव्यवहारास सर्वमान्य रूप लागते. पण तो शिकविताना वऱ्हाडी रूपाला त्याचा स्वतःचा नियम आहे, हेही सांगितले पाहिजे. मरे यांचे कोष्टक पाहता हा विवेक अधिक आवश्यक वाटतो. कोष्टकात रूप आहे एवढ्यावरून ते बोलीत जिवंत आहे असे ठरत नाही, आणि कोष्टकात नाही एवढ्यावरून ते नियमबाह्यही ठरत नाही.