खांदा आपला, माप कुणाचे?

साक्रीत आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी अजून एक दुनाळी बारा बोअर बंदूक आहे. घरातले बुजुर्ग, ज्यांना आम्ही लहानपणापासून चाचा म्हणत आलो, आता थकले. बंदूक नातवाच्या नावावर करावी असे त्यांना वाटते. मुलगा म्हणतो, विकून टाकू, कशाला दरवेळी परवान्याच्या मागे फिरायचे! नातू आमचा जुना विद्यार्थी. त्याच्या डोक्यात क्ले शूटिंगचे, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करण्याचे वेड शिरले आहे. एका संध्याकाळी मगरिबनंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, दादांची बंदूक चालेल, की नवी घ्यावी? आणि नवी घ्यायची तर कोणती?"

आम्ही शिकवतो उर्दू आणि इतिहास. शिकार आमच्या सात पिढ्यांत कोणी केली नसेल. तरी प्रश्न इतिहासाच्या मास्तराकडेच आला हे बरे झाले. बंदूक कोणती घ्यावी, याचे उत्तर दुकानातल्या किमतीच्या पाटीवर नसते. ती कुणाच्या अंगाला बसते यावर ते असते, आणि आपल्या मुलखात ती कुणाच्या अंगाला बसावी हे फार काळ दुसरेच कोणी ठरवत होते.

आधी शब्दच पाहा. अरबीत 'बुन्दुक' म्हणजे एक कठीण कवचाचे फळ, हेझलनट. त्याच्या आकाराच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्याही बुन्दुकच. हे गोळे खास धनुष्यातून पाखरांवर मारत. आपल्याकडे पोरे गलोलीने मारतात तसलाच प्रकार. पुढे दारूने गोळी फेकणारे हत्यार आले, तेव्हा हेच नाव त्याला मिळाले. म्हणजे बंदुकीची पहिली गोळी मातीची होती. आज क्ले शूटिंगमध्ये निशाणा मातीचा असतो. मधल्या काळात माणसाने काय काय मारले, तो हिशेब वेगळा.

मोगल दरबारात बंदूक ही बादशहाची खास आवडीची वस्तू होती. 'आईने अकबरी'त अकबराच्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीचे वर्णन आहे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात १६१७ ची एक आठवण सांगतो. नूरजहाँने हत्तीवरच्या हौद्यातून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, तेव्हा मुक्काम मांडूच्या परिसरात होता. मांडू म्हणजे आपल्या खानदेशाच्या डोक्यावरचाच मुलूख. त्या बंदुका तोड्याच्या. दस्ता सरळ, सडपातळ. आजच्यासारखा खांद्यात रुतवायचा रुंद दस्ता त्यांना नसे. बादशहाच्या बंदुका त्याच्या पसंतीने घडत. शिपायाच्या हाती मात्र सरकारी कोठारातून निघेल तीच पडे. इब्राहीमखान गारदीच्या ज्या पलटणी १७६१ साली पानिपतावर लढल्या, त्यांतल्या शिपायाला 'तुझा हात केवढा लांब आहे' असे कोणी विचारले असेल, हे संभवत नाही.

खानदेशात १८१८ साली इंग्रज आले. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने त्यांना दाद दिली नाही, वेढा पडला आणि जूनमध्ये किल्ला गेला. १८२५ साली औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. हाच औट्रम खानदेशात वाघांचा कर्दनकाळ ठरला. त्याच्या दहा वर्षांच्या शिकारीचा आकडा दोनशे वाघांच्या आसपास सांगितला जातो. पुढे एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली, त्यांच्या बाजूने मकराणी शिपाईही लढले. अशा मुलखात लोकांच्या हाती बंदूक राहू देणे सरकारला परवडणारे नव्हते. १८७८ साली लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागू लागला, गोऱ्या साहेबाला तो माफ होता.

या कायद्याबद्दल राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्याचा एक बारीक परिणाम दिसतो. हत्यार ज्याच्या हाती, त्याच्या भोवतीचा कारागीर जगतो. आपले शिकलगार बांधव पिढ्यान्पिढ्या तलवारीला पाणी देत, नळ्या घासत, दस्ते बसवत आले. हत्यारे घराघरांतून गेली, तसा त्यांच्या वाट्याला चाकू, कात्री आणि अडकित्ता राहिला. अंगाचे माप घेऊन बंदूक घडवण्याची कला याच काळात विलायतेत भरभराटीला आली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी चहूबाजूंनी लांब-आखूड, वर-खाली, डावी-उजवी होणाऱ्या दस्त्याची 'मापाची बंदूक' बनवली. गिऱ्हाईक ती खांद्याला लावी, कारागीर खिळे फिरवी, आणि शिंप्याने सदऱ्याचे माप लिहावे तसे माप वहीत लिही. आपले राजे-नवाब ही हौस पुरवू शकत. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक मिळे, तीही पिकाच्या राखणीसाठी. १९५९ चा शस्त्र कायदा स्वतंत्र भारताचा. त्यातही ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी आणि किमान वीस इंच नळीची छऱ्याची बंदूक संरक्षण वा खेळासाठी, अशी विभागणी आहेच.

म्हणून आमच्याकडे एक म्हणणे रूढ झाले. पिंपळनेरकडचा एक म्हातारा शेतकरी आम्हाला अहिराणीत म्हणाला होता, "बंदूकले आंग लावनं पडस, आंगले बंदूक नही." बंदुकीला अंग लावावे लागते, अंगाला बंदूक नव्हे. गरिबीतून आलेले हे शहाणपण आहे, पण बंदुकीच्या बाबतीत ते उलटे आहे.

का, ते समजून घ्यायला हवे. रायफलला मागे-पुढे अशा दोन खुणा असतात, त्या जुळवून नेम धरायचा. छऱ्याच्या बंदुकीला बहुधा नळीच्या टोकावर एक मणी तेवढा असतो. मागची खूण म्हणजे नेमबाजाचा डोळा. डोळा कुठे येणार हे गाल कुठे टेकतो यावर, आणि गाल कुठे टेकणार हे दस्त्याच्या घडणीवर. पाखरू किंवा चकती हवेत एक-दोन सेकंद असते, तेवढ्यात मान हलवून डोळा जुळवायला सवड नसते. दस्ता चुकला की डोळा चुकला, आणि डोळा चुकला की छरे दुसरीकडे. माणूस मात्र स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

शिकारीच्या काळात आपल्या माणसांसाठी यात आणखी एक गोष्ट गुंतलेली होती. सहीह बुखारीत हजरत इब्ने उमर (रजि.) यांचे मत नोंदलेले आहे, की बुन्दुकेच्या माराने मेलेले जनावर हे 'मौकूजा', म्हणजे ठोकून मारलेल्यासारखे. त्या धाग्याने हनफी उलेमांची सर्वसाधारण भूमिका अशी राहिली, की बंदुकीच्या गोळीने मेलेले हलाल नाही. जिवंत हाती लागले आणि जबह केले तरच हलाल. दुसऱ्या काही फकीहांनी वेगळे मत दिले, पण आमच्याकडे चालत आले ते हेच. म्हणून चाचांच्या पिढीचे शिकारी खिशात चाकू ठेवत आणि तितर पडला की धावत सुटत. अंगाला न बसणारी बंदूक एक तर नेम चुकवी, नाही तर पाखराला अर्धवट घायाळ करून झुडपात पाठवी. ते मिळाले नाही तर जिवाचा छळ झाला आणि हाती हरामही नाही, हलालही नाही. चाचा म्हणतात, "बेटा, अशा रात्री जेवण जात नव्हतं."

तो काळ संपला हे चांगलेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद केली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती शिकार नव्हे. तितर, लावा, ससा यांच्यावर आज बंदूक रोखणे हा गुन्हा आहे, हे आम्ही नातवाला पहिल्याच वाक्यात सांगितले.

उरली ती मातीची चकती. ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची. जिवंत कबुतरे सोडून मारण्याच्या खेळाला पर्याय म्हणून अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लिगोव्स्कीने १८८० साली अशी मातीची चकती पुढे आणली. आज या खेळाचे ट्रॅप आणि स्कीट असे दोन प्रमुख प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये चकती समोरून दूर जाते आणि वर चढते. बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. चकती चढती असल्यामुळे ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता गालापाशी किंचित उंच, म्हणजे मार थोडा वर जाणारा. छरे लांबवर एकत्र राहावेत म्हणून नळीचे तोंड आवळलेले. स्कीटमध्ये चकत्या दोन बाजूंच्या घरांतून आडव्या जातात, अंतर कमी, म्हणून नळीचे तोंड मोकळे. शिवाय चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. तिथून उचलून गालाला लावेपर्यंतच निकाल लागतो. बंदूक मापाची नसेल तर स्कीट खेळूच नये.

भारतात हा खेळ मोठा केला तो बिकानेरच्या महाराजा कर्णीसिंहांनी. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकले. आणि आपल्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो ते नाव उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावच्या मैराज अहमद खान यांचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेले ते पहिले भारतीय स्कीट नेमबाज. २०२२ च्या जुलैत कोरियातल्या चांगवनला विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या वयात आपण चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरतो, त्या वयात!

इतके बोलून झाल्यावर आम्ही नातवासोबत चाचांच्या घरी गेलो. चाचांनी सवयीप्रमाणे आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे दाखवले, मग हाती दिली. नातवाला आम्ही भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहायला सांगितले, डोळे मिटायला लावले आणि बंदूक खांद्याला लावून डोळे उघड म्हटले. कोपराच्या वळणात दस्ता मोजण्याची जी जुनी रीत आहे ती ढोबळ, ही डोळे मिटण्याची रीत खरी. डोळे उघडल्यावर मणी नळीच्या बरोबर मध्यावर दिसला तर दस्ता सरळ बसला. फक्त नळीची मागची बाजू दिसली तर दस्ता गालापाशी खाली पडतो, नळीची पूर्ण लांबी वरून दिसली तर उंच होतो. अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचे अंतर हवे. नातवाचा अंगठा नाकाला टेकत होता. बंदूक त्याला आखूड होती.

तेव्हा चाचांनी लोखंडी पेटी उघडायला लावली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला अक्रोडाच्या लाकडाचा सव्वा इंची तुकडा निघाला. बंदूक कुण्या साहेबाच्या काळातली, हातोहात फिरत चाचांकडे आलेली. त्यांच्या बुटक्या अंगाला ती लांब होत होती, दस्ता काखेत अडकत होता. म्हणून त्यांनी एका शिकलगाराकडून दस्त्याचे टोक कापून घेतले होते. "नळीला हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. पण लाकूड आपलं आहे," असे तो शिकलगार म्हणाल्याचे त्यांना आठवते. आजचा कायदाही नळी आखूड करू देत नाही. नातू आजोबांपेक्षा वीतभर उंच. तुकडा दस्त्याच्या टोकाला धरला, डोळे मिटले, उघडले. मणी मध्यावर आला.

मग ही बंदूक चालेल का? आम्ही नाही म्हणालो. जुन्या विलायती बंदुकांची काडतुसाची खोली बहुधा अडीच इंचाची असते. आजचे काडतूस पावणेतीन इंचाचे. ते आत जाते, पण फुटताना उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. शिवाय शिकारीची बंदूक साडेसहा पौंडांच्या आसपास, हलकी. दिवसभर चकत्या मारायच्या तर खांदा सोलून निघेल. त्यासाठी आठ पौंडांच्या आसपासची जड बंदूक बरी, ती धक्का गिळते आणि झोक सरळ ठेवते. सुरुवात प्रशिक्षण केंद्राच्या बंदुकीवर, उस्तादाच्या नजरेखाली करावी. कोणता डोळा जोरकस आहे ते आधी तपासून घ्यावे. सोळा यार्डांवर पांढऱ्या पत्र्यावर बार टाकून पाहावा. तिथे मार एक इंच सरकला असेल तर दस्त्यात साधारण एक सोळांश इंचाचा फरक करावा लागतो. आणि हे सगळे झाल्यावर मग खरेदी.

चाचा थोडे हिरमुसले. मग तो लाकडाचा तुकडा त्यांनी नातवाच्या हातात ठेवला. "बंदूक राहू दे घरात, नाही तर जमा कर. हा घेऊन जा. माझ्या बंदुकीत एवढं मिळवलं की तुझं माप होतं."

नातवाने तो तुकडा कंपासपेटीत ठेवला. दस्त्याची लांबी आणि त्या तुकड्याची जाडी आम्ही त्याच्या वहीत लिहून दिली. खाली तारीख घातली. आमच्या मोहल्ल्यात अंगावर मोजून लिहिलेले बंदुकीचे हे बहुधा पहिलेच माप असावे.