परसबागेतील वन्यजीव : निरीक्षण व ओळख

घरालगतची बाग, अंगण, गच्चीवरचे वाफे किंवा बाल्कनीतील कुंड्या यांत आपसूक येणारे, पाळीव नसलेले प्राणी शोधणे आणि त्यांची जात ठरवणे. पक्षी, फुलपाखरे, अन्य कीटक, कोळी, गोगलगायी, बेडूक, सरडे, साप आणि लहान सस्तन प्राणी एवढ्यांचा यात समावेश होतो. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील परसबागांविषयी आहे.

परसात ओळखीची सुरुवात झाडापासून करणे सर्वांत सोयीचे आणि रंगापासून करणे सर्वांत फसवे. बहुतेक फुलपाखरांच्या माद्या ठरावीक वनस्पतींवरच अंडी घालतात, कारण अळीला तीच पाने चालतात. रुईवर प्लेन टायगर, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर, पानफुटीवर रेड पिएरो, तर कढीपत्त्यावर आणि लिंबावर लिंबाळी व कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मनही लिंबू, पपनस अशा झाडांवरच अंडी घालते. म्हणून बागेत कोणती झाडे आहेत याची यादी हातात असली, की पाहुण्यांची निम्मी यादी तयार होते.

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा वाटावी असे काळपट-पांढरे काही चिकटलेले दिसले, तर ते जवळून पाहावे. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करताच त्याच्या डोक्यामागून लालसर, दोन टोकांचा मऊ अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. ही लिंबाळीची किंवा कॉमन मॉर्मनची कोवळी अळी. शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते आणि पानांत दिसेनाशी होते. कोषाचा रंग आसपासच्या पृष्ठानुसार हिरवा किंवा तपकिरी असतो. कोष मधोमध रेशमी धाग्याने फांदीला बांधलेला असतो. या अळ्या दिसताच औषध फवारण्याची घाई अनेक घरांत होते. वाढलेल्या कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते. तेवढी पाने अळ्यांना खाऊ द्यावीत.

रंग फसवा का, याचे उत्तम उदाहरण कॉमन मॉर्मनची मादी. तिचे एक रूप कॉमन रोझ या फुलपाखरासारखे असते : काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे व तांबडे ठिपके. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, त्या वनस्पतीतील विषारी द्रव्ये फुलपाखराच्या अंगात उतरतात आणि पक्षी त्याला टाळतात. कॉमन मॉर्मनच्या मादीत असे विष नसते, पण सारखेपणाचे संरक्षण तिला मिळते. दोघींत फरक करायचा तर पंख सोडून धड पाहावे : कॉमन रोझचे धड लाल, मॉर्मनचे काळे.

पक्ष्यांबाबतही आधी आकार, मग चोच, शेपटी, वागणूक, आवाज आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. आकारासाठी चिमणी, साळुंकी आणि कावळा ही तीन मापे पुरतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात झळाळत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा असतो. हंगाम सरला की तो मादीसारखा पिवळट दिसतो आणि गळ्यापासून छातीपर्यंतचा एक गडद पट्टा तेवढा उरतो. शिंपी पक्षी आधी ऐकू येतो. चिमणीपेक्षा लहान, डोक्यावर तांबूस, शेपटी उभी आणि आवाज मात्र अंगाला न शोभेल एवढा मोठा. रुंद पानांच्या झुडपात एक-दोन पाने कडांशी जुळून द्रोणासारखी वळलेली दिसली, तर कडेला बारीक भोके आणि त्यांतून ओवलेले कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू शोधावेत. पाने देठाशी जिवंत असल्याने घरटे हिरवेच राहते, म्हणून छाटणी करताना ते नजरेतून सुटते. पावसाळ्यात कुंपण छाटण्याआधी झुडूप आतून तपासणे हे काम प्रत्येक बागवाल्याने अंगवळणी पाडावे.

काही जोड्यांत थोड्या खुणा पुरतात. बसल्यावर पंख पसरलेले ठेवतो तो चतुर, बहुधा मिटून घेते ती टाचणी. शरीराच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते ती गोम. बहुतेक वलयांना दोन जोड्या असतात तो पैसाकिडा, जो चावत नाही. खारीच्या पाठीवर तीन पट्टे की पाच, हे मोजावे. दोन्ही जाती राज्यात आढळतात. लांब टोकदार मुस्कट, बारीक डोळे आणि कस्तुरीसारखा उग्र दर्प असलेली चिचुंद्री उंदीर समजून मारली जाते. वास्तविक ती कुरतडणाऱ्या उंदरांच्या गटातलीच नाही; झुरळे आणि किडे हे तिचे मुख्य खाद्य. सकाळी कुंपणाच्या भिंतीवर फळांच्या अख्ख्या बिया असलेली विष्ठा दिसली, तर रात्री कांडेचोर येऊन गेला असण्याची शक्यता मोठी.

सापांची गोष्ट वेगळी, कारण येथे चूक जिवावर बेतते. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांची गल्लत नेहमी होते. कवड्याच्या अंगावरचे फिकट पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने असलेले पट्टे शेपटीकडे स्पष्ट व डोक्याकडे विरळ असतात, आणि पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. ही खूण जवळून पाहण्याच्या फंदात पडू नये; ती छायाचित्रावरून पाहावी. मण्यार निशाचर आहे. तिच्या दंशाने वेदना किंवा सूज फारशी नसते, म्हणून झोपेतला दंश लक्षात येत नाही. शंका असेल तर साप विषारी मानून दूर राहावे आणि सर्पमित्र किंवा वन विभाग (1926) यांना कळवावे. दंश झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

संदर्भासाठी सलीम अली यांचे 1941 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयोगी आहेत. छायाचित्रावरून ओळख पटवण्यासाठी आयनॅचरलिस्ट, पक्षिनोंदींसाठी ई-बर्ड वापरले जाते. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले असे दोन्ही फोटो घ्यावेत, सोबत ते बसलेल्या झाडाचाही. तारीख आणि वेळ लिहावी. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये घरच्या बागेतल्या नोंदीही घेतल्या जातात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. फोटोसाठी घरट्यासमोरची पाने बाजूला करू नयेत. उघड्या पडलेल्या घरट्यातील पिले कावळे आणि भारद्वाज यांच्या नजरेस लगेच पडतात.