भोपळा, घडा आणि खोके

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाचा आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. सारे शास्त्र पढलेला शिष्यही सरावावाचून कर्माला अपात्रच, असे तेथे आरंभीच बजावले आहे. पुढची यादी वाचताना आपण वैद्यशाळेत आहो की मंडईत, असा प्रश्न पडावा. छेदनासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी. शिरावेधासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यादीच्या अखेरचा पाण्याने भरलेला घडा. त्याच्या कुशीतल्या भोकातून बस्तीची नळी घालण्याचा सराव करावयाचा. डोळ्याला न दिसणाऱ्या जागी हात कसा न्यावा, याचाच तो धडा.

'आपल्याकडे सारे होतेच' असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुश्रुताला ठाऊक नव्हती. अडचण मात्र त्याच जातीची आहे.

१८०६ साली बोझिनी या जर्मन वैद्याने मेणबत्तीच्या उजेडाची नळी शरीराच्या आत डोकावण्यासाठी पुढे आणली. १९८० साली कील येथे कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, १९८५ साली एरिख म्यूहे यांनी पित्ताशय काढले, आणि १९९० साली मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ती पित्ताशयाची शस्त्रक्रिया आपल्या देशात आणली. या शस्त्रक्रियेत हत्यार पोटाच्या भिंतीवर तरफेसारखे टेकते. हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जाते. पडद्यावर खोली दिसत नाही, बोटांना स्पर्श नीट कळत नाही. उघड्या पोटावर वीस वर्षे हात बसलेला शल्यविशारदही येथे पुन्हा उमेदवारच! पण रोगी तर या नव्या पद्धतीची मागणी करीत आले, आणि काहींच्या पित्तनलिका चुकून कापल्या गेल्या. अखेर १९९२ साली न्यूयॉर्क राज्याला अशा शस्त्रक्रिया देखरेखीखाली किती कराव्यात, हे ठरवून द्यावे लागले.

हाताची ही उलटापालट अंगवळणी पाडण्यासाठी झेम यांनीच सरावाची पेटी केली होती. तिची गरीब भावंडे आज पुठ्ठ्याच्या खोक्यातून तयार होतात: दोन भोके, एक दिवा, संगणकाचा स्वस्त कॅमेरा. आत मणी उचलावेत, हातमोज्याचे रबर कापावे, कोंबडीच्या कातडीला टाके घालावेत. इतक्याने भागते काय, ही शंका रास्त आहे. येल विद्यापीठात २००२ साली जी प्रसिद्ध तुलना झाली, तिच्यात महागडे संगणकयंत्र वापरले होते. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर झाले आणि इजाही पुष्कळ कमी झाल्या. गंमत अशी, की त्या यंत्रात पित्ताशयाचे चित्रसुद्धा नव्हते, नुसते गोळे व चौकटी होत्या! हाताला शिकवायला हुबेहूब शरीर लागत नाही. कोहळाही हुबेहूब नव्हता.

अर्थात, खोक्याला रक्त येत नाही, आणि मणी उचलणाऱ्याला रोग्याचा निर्णय घेता येतोच असे नाही. सुश्रुताचा दहावा अध्याय व्यवसायप्रवेशाचा आहे. तेथे सरावानंतरही राजाची अनुज्ञा लागते.