इंजिन चाललं नाही, की रूळ? डभोईच्या छोट्या रेल्वेविषयी

बडोदे संस्थानच्या रेल्वेचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम मार्गावर छोटी रेल्वे सुरू केली. गाडी बैल ओढत. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आलं, पण 'ते चाललं नाही', म्हणून बैलच कायम राहिले. यातले 'ते चाललं नाही' हे तीन शब्द मला खटकतात. आमच्या प्रदर्शनातल्या फलकावरही 'इंजिन अयशस्वी' असंच लिहिलं होतं.

त्याच प्रदर्शनात या मार्गाचा छोटा चालता देखावा आहे. अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर येतं, त्यामुळे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. यंदा त्यावरचं चारचाकी इंजिन सारखं घसरू लागलं. इंजिन खराब झालंय, नवीन मागवा, असं बहुतेकांचं मत पडलं.

अशा वेळी आधी बघायचं ते 'कुठे घसरतं'. जिथे चाक उतरेल तिथे पेन्सिलीची खूण, अशा वीस फेऱ्या घेतल्या. सगळ्या खुणा एकाच वळणाच्या तोंडाशी, वीतभर जागेत पडल्या. मग इंजिन उलट तोंडाने लावलं. तरी जागा तीच. आता पुढे आलेलं दुसरं चाक उतरत होतं. दोष एखाद्या चाकात असता तर तो त्या चाकाबरोबर फिरला असता.

तरी चाकं तपासलीच. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर या गेजला साधारण साडेसात मिलिमीटर लागतं. कॅलिपरने मोजलं, बरोबर निघालं. इंजिन काचेवर ठेवलं, चारही चाकं नीट टेकली. म्हणजे इंजिन निर्दोष.

मग रुळावरून बोट फिरवलं. वळणाच्या जोडावर बारीकशी पायरी लागली. फिशप्लेट ढिली होती आणि बाहेरच्या बाजूचा रूळ तिथे केसभर खाली दबला होता. ताठ चौकटीचं चारचाकी इंजिन अशा पिळलेल्या रुळावर तीन चाकांवर उभं राहतं, उंचसखल फरशीवरच्या टेबलासारखं. अधांतरी चाकावर वजन उरत नाही, पण वळणाचा बाजूचा रेटा असतोच. चाकाची कड रुळावर चढते आणि काम संपतं.

जोड उघडला, रुळाचं टोक कानशीने घासलं, नवी फिशप्लेट घातली आणि खाली पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या सारून रूळ समतल केला. त्यानंतर पन्नास फेऱ्या विनातक्रार झाल्या. इंजिनाला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावावा लागला नाही.

आता डभोईकडे वळू. बैल रुळावर चालत नाहीत. त्यांचं वजन जमीन घेते, रुळावर भार येतो तो फक्त डब्यांचा. इंजिनाचं तसं नसतं. बॉयलर, पाणी, कोळसा, सगळं वजन मोजक्या चाकांमधून थेट रुळावर उतरतं. बैलांच्या गाडीपुरता टाकलेला हलका रूळ अशा वेळी दोन स्लीपरांच्या मध्ये वाकतो, त्याचे जोड दबतात.

अर्थात, आमचा देखावा हा इतिहासाचा पुरावा नव्हे. पुरावा आहे तो १८७३ चा. त्या वर्षी या मार्गावर मजबूत रूळ टाकले गेले आणि मगच इंजिनांचा रस्ता मोकळा झाला. हे काम मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीतलं. १८७५ मध्ये ते पदच्युत झाले आणि त्यांच्या नावावर चांगलं असं फारसं कोणी नोंदवत नाही. निदान हे तरी नोंदवायला हवं.

डभोईला आता ब्रॉडगेज आली आहे. छोट्या गाडीची आठवण यापुढे अशा फलकांमधूनच पोचणार, म्हणून त्यावरचे शब्द जपून निवडायला हवेत. आम्ही फलक बदलला. आता तिथे लिहिलंय: 'बैलांच्या गाडीसाठी टाकलेला हलका रूळ इंजिनाला पुरला नाही. १८७३ मध्ये मजबूत रूळ टाकण्यात आले.'