आल्फ्रेड हायस्कूल, राजकोट

काठेवाडातील पहिली इंग्रजी शाळा. स्थापना १७ ऑक्टोबर १८५३, ‘राजकोट इंग्लिश स्कूल’ या नावाने. १८६८ च्या सुमारास हायस्कूलचा दर्जा. माध्यमिक शाळा म्हणून अखेर मे २०१७. महात्मा गांधी यांचे इंग्रजी शिक्षण येथे झाले.

पेशवे व गायकवाड यांच्या मुलूखगिरीच्या फौजा ज्या प्रांतात खंडणी वसूल करीत फिरत, त्या काठेवाडात बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट वॉकर यांच्या १८०७ च्या बंदोबस्ताने खंडणीचे आकडे कायम झाले आणि १८२० नंतर कंपनी सरकारच्या पोलिटिकल एजंटाची कचेरी राजकोटास स्थिरावली, तेव्हा एका लहानशा संस्थानाच्या या राजधानीला साऱ्या प्रांताच्या दरबारी कारभारात अकल्पित महत्त्व प्राप्त झाले. झालावाड, हालार, सोरठ आणि गोहिलवाड या चार प्रांतांत विखुरलेल्या लहानमोठ्या संस्थानिकांचे वकील, कारकून व अर्जदार येथे जमत. एजन्सीशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले आणि तो सांभाळणाऱ्या माणसांची निकड दिवाणापासून अव्वल कारकुनापर्यंत सर्वांस भासे. शाळेचा जन्म मुख्यतः या निकडीतून झाला. विद्येच्या निरपेक्ष ओढीचा भाग त्यात थोडाच असावा; परंतु मुंबई इलाख्यातील कोणत्या जिल्हाशाळेविषयी याहून वेगळे सांगता येईल?

पुढे जुनागढच्या नबाबाच्या द्रव्यसाहाय्याने शाळेची दुमजली, टोकदार कमानींची गॉथिक धर्तीची इमारत उभी राहिली व १८७५ च्या जानेवारीत मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वोडहाउस यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. व्हिक्टोरिया राणीचे द्वितीय चिरंजीव, एडिंबरोचे ड्यूक आल्फ्रेड यांचे नाव शाळेला याच इमारतीच्या निमित्ताने जोडले जाते. ‘आल्फ्रेड हायस्कूल’ हे नामाभिधान मात्र १९०७ पासून रूढ झाले. तत्पूर्वी ती सामान्यतः ‘काठेवाड हायस्कूल’ म्हणूनच ओळखली जाई. याच गावात १८७० मध्ये राजपुत्रांसाठी राजकुमार कॉलेज सुरू झाले होते. नवानगरचे रणजितसिंह, पुढे ज्यांचे क्रिकेट इंग्लंडात गाजले, ते तेथे शिकत असताना दिवाण-कारभाऱ्यांची मुले हायस्कुलात शिकत होती. गादीवर बसणारे आणि गादीचा कारभार पाहणारे अशी ही वाटणी गावाने विनातक्रार स्वीकारलेली दिसते.

शाळेची परीक्षा दोन ठिकाणी होई: इन्स्पेक्टरच्या भेटीत आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये. मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून इलाख्यातील प्रत्येक हायस्कुलाची पत या एका निकालावरून ठरू लागली आणि शिक्षक त्या निकालाच्या दडपणाखाली वावरू लागले. या दडपणाचा एक मासला गांधींनी आत्मकथेत नोंदविला आहे. शिक्षण-इन्स्पेक्टर जाइल्स यांनी गांधींच्या हायस्कुलातील पहिल्याच वर्षी वर्गाला पाच शब्द लिहावयास सांगितले. मोहनदासाने ‘केटल’ हा शब्द चुकविला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहण्याचा इशारा केला, आणि तो इशारा या मुलाला कळलाच नाही. गोष्ट सांगितली जाते ती मुलाच्या सरळपणासाठी, परंतु शाळेच्या इतिहासकाराने शिक्षकाकडेही पाहावे: वर्गाचा निकाल साहेबापुढे निर्दोष दिसावा म्हणून तो बिचारा आपला बूट झिजवीत होता.

१८८० च्या अखेरीस दाखल झालेल्या या विद्यार्थ्याच्या आठवणींतून त्या काळच्या अध्यापनाचे जितके प्रत्ययकारी चित्र मिळते, तितके दप्तरी अहवालांतून क्वचितच मिळेल. चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकविले जात, त्यामुळे भूमिती ही नवी विद्या आणि तिची परकी भाषा ही दोन ओझी मुलांवर एकदमच पडत. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापाशी पोहोचल्यावर त्या विषयाचा सोपेपणा आपणास उमगला, असे गांधी लिहितात. संस्कृत व फारसी यांच्या शिक्षकांमध्ये एक प्रकारची चुरस असे. फारसी सोपी आणि तिचे शिक्षक सौम्य, अशी ख्याती असल्याने सहावीतला मोहनदास एके दिवशी त्या वर्गात जाऊन बसला. तेव्हा संस्कृतचे कृष्णशंकर पंड्या यांनी त्याला जवळ बोलावून, वैष्णव पित्याच्या मुलाने आपल्या धर्माची भाषा शिकू नये काय, असे विचारले व परत आणले. गीता मुळातून वाचण्याइतके संस्कृत ज्याच्या पदरी पडले, तो या एका शब्दाचे ऋण पुढे आयुष्यभर मानीत राहिला.

हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे कडक. वरच्या वर्गांना व्यायाम व क्रिकेट त्यांनी सक्तीचे केले होते. शनिवारी शाळा सकाळची असे व व्यायामासाठी चार वाजता घरून पुन्हा यावे लागे. ढगाळ आभाळाने फसवल्यामुळे उशीर झालेल्या मोहनदासाला आणा-दोन आणे दंड बसला आणि दंडापेक्षा खोटेपणाचा आरोपच त्याला अधिक झोंबला. शिष्यवृत्त्यांची व्यवस्थाही प्रांतवार होती. पाचवीत चार व सहावीत दहा रुपयांची जी शिष्यवृत्ती त्याला मिळाली, ती सोरठच्या मुलांसाठी राखीव होती, आणि चाळीस-पन्नासांच्या वर्गात सोरठचे विद्यार्थी ते कितीसे असणार, असा निर्वाळा त्याने स्वतःच दिला आहे.

नोव्हेंबर १८८७ च्या मॅट्रिकला काठेवाडच्या मुलांपुढे अहमदाबाद व मुंबई ही दोन केंद्रे होती. जवळचे आणि कमी खर्चाचे म्हणून अहमदाबाद पसंत केले जाई. या परीक्षेत गांधींना इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी ४५॥, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्यज्ञानात १५० पैकी ५४, असे एकूण ६२५ पैकी २४७॥ गुण मिळाले. क्रमांक ४०४ वा. शेकडा चाळिशीच्या आतला हा निकाल विद्यार्थ्याच्या मगदुराइतकाच परीक्षेच्या स्वरूपाचाही निदर्शक आहे, कारण मातृभाषेला शंभर गुण देणाऱ्या परीक्षेत परभाषेला दोनशे होते. पुढील शिक्षणास ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले, पण एका सत्रानंतर परतले.

१९४७ नंतर शाळा सौराष्ट्र राज्याकडे, १९५६ ते १९६० या काळात द्वैभाषिक मुंबई राज्याकडे आणि त्यानंतर गुजरात सरकारकडे राहिली. १९७१ मध्ये तिचे ‘मोहनदास गांधी हायस्कूल’ असे नामांतर झाले. नाव मोठे झाले तरी विद्यार्थी मात्र घटत गेले. खाजगी शाळांकडे ऐपतदार घरांचा ओढा वाढत असताना सरकारी गुजराती शाळेच्या वाट्याला बव्हंशी ज्यांस अन्यत्र जाणे परवडत नाही अशी मुले येतात, आणि मग त्यांच्याच निकालावरून शाळेला नालायक ठरविले जाते. हा न्याय राजकोटापुरता मर्यादित नाही. शालान्त परीक्षेतील निकृष्ट निकालाबद्दल शाळेवर टीका होत राहिली, आणि अखेर २०१७ च्या मे महिन्यात, इमारतीत गांधी-संग्रहालय करण्याचे योजून, उरलेल्या १२५ विद्यार्थ्यांना शाळा सोडल्याचे दाखले देण्यात आले. ‘महात्मा गांधी म्यूझियम’ ३० सप्टेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुले झाले.